तक्रारीचे स्वरूप

सबस्टेशनच्या टेबलावर वही असते,
सुतळीने बांधलेलं पेन, पाच रकाने.
चौथा : तक्रारीचे स्वरूप.

नोकरीला लागलो तेव्हा लोक गाऱ्हाणं आणायचे.
त्याला बसावं लागायचं.
आधी पाणी, मग तब्येतीचं,
मग कुणाचं लग्न कुठे ठरलं ते,
आणि उठता उठता, दारात : "लाईन नाही जी कालपासून."
आता कंप्लेंट देतात.
ती गाडी बंद न करताही देता येते.

"प्रॉब्लेम झाला," म्हणतो गुलाब डाबेराव.
काय झालं?
"प्रॉब्लेमच झाला ना बाप्पा."
बऱ्याच वेळाने कळतं,
नाल्याकडच्या तारेवर बाभळीची फांदी टेकली.
फांदीला शब्द आहे, तारेला आहे, टेकण्यालाही आहे.
पण इस्त्रीच्या शर्टावर
प्रॉब्लेमच शोभतो.

टेन्शन आमच्या खात्याचं.
ते तारांमध्ये असायचं,
खांबावर कवटीची लाल पाटी.
खाली कधी उतरलं त्याची नोंद सापडत नाही.
आता सरपंचाला आहे, दहावीच्या पोराला आहे,
शेवंता धंदरेच्या म्हशीलाही आहे :
"टेन्शन घेतलं तिनं. पान्हा चोरते."

माझी सून अकोल्याची.
आल्या आल्या म्हणाली, "इथं खूप बोर होतं."
बायकोने सूप खाली ठेवलं.
"कोनाच्या वावरात? पानी किती फुटावर लागलं?"
सून हसली.
घरात आल्यापासून पहिल्यांदा.

आम्हीही काही कमी नाही.
समोरच्याने मराठीत विचारलं
की आम्ही इंग्रजीच्या मागे उभे राहतो :
लोड आहे. फॉल्ट आहे. मेन्टेनन्स आहे.
यातलं काहीच नसलं, तर : वरूनच आहे.
मग तोही वर बघतो, मीही.

बाजाराच्या दिवशी येतात टाकळीच्या कवतिकाबाई उगले.
पिशवी पायरीवर, चपला बाहेर,
जसं काही देऊळच आहे.
"लिही बाप्पा."
लाईन आहे ना?
"हाये."
पंखा?
"फिरते."
मीटर?
"थेही फिरते. सारंच फिरून राह्यलं."
मग कंप्लेंट काय, बाई?
तिने खिडकीतून ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं.
तो गुणगुणत होता, तो चोवीस तास गुणगुणतो.
"करमत नाही, असं लिही."

छापील सूचनांत तसलं स्वरूप नाही.
मी लिहिलं : व्होल्टेज कमी.
पाचव्या रकान्यात, कार्यवाही : पेंडिंग.
"पेंडिंग म्हंजे?"
म्हणजे, काम व्हायचं आहे. पण नोंद आहे.
"नोंद हाये ना? मंग झालं."
तिने पिशवीतून दोन वांगी काढून वहीवर ठेवली.

पुढच्या बाजाराला तिने स्वतःच पान उलटलं.
वाचता येत नाही,
तरी अंगठा बरोबर त्या ओळीवर.
वांग्याचा डाग होता तिथे.
"हे माह्यं."
हो.
"अजून पेंडिंगच?"
हो.
"राहू दे." आणि बसली.
त्या दिवशी तिने मला
एका मेलेल्या बैलाबद्दल सगळं सांगितलं.
त्याचं शिंग कसं होतं, तो कुणाला पाठ द्यायचा नाही.
दोन फोन वाजले, मी उचलले नाहीत.

मार्चमध्ये तपासणीला नवे साहेब आले.
बोट चौथ्या रकान्यातून खाली, खाली.
"टाकळी, उगले, व्होल्टेज कमी. एकवीस वेळा?
माणूस पाठवला होता का?"
पाठवला होता, साहेब. दोनशे तीस मिळतं.
"मग फॉल्ट कुठे आहे?"

करमत नाही, हे तोंडाशी आलं होतं.
म्हटलं, इंटरनल आहे.

साहेबांनी मान हलवली,
हिरव्या शाईने सही केली.